पाण्याबरोबर आलेला पेशंट

माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यापासून घरात मला कोणी काम सांगत नाही.

डॉक्टर त्यांना स्टेंट म्हणतात, पण आमच्या कॉलनीत स्प्रिंग हाच शब्द रूढ झाला आणि मीही वाद घातला नाही. काम नाही हे ऐकणाऱ्याला सुख वाटेल. सुरुवातीला मलाही वाटलं. मग लक्षात आलं की दूध सत्यशीला आणते, गॅसची टाकी आली की ती आणि टाकीवाला मिळून आत ओढतात, आणि मी दारात उभा राहून ‘सांभाळून’ एवढंच म्हणतो. भाजीबाजारातून परतताना दोन्ही पिशव्या तिच्या हातात असतात आणि माझ्या हातात कोथिंबीर असते. ओळखीचं कोणी समोरून आलं की मी ती कोथिंबीर पाठीमागे धरतो. उभी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर चढून केलेल्या माणसाला हे सहन होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे सत्यशीलेनं माझ्यावर ओरडणं बंद केलं. लग्नापासून ती पलंगावरच्या ओल्या टॉवेलवरून माझ्याशी भांडत आली होती. परीक्षा म्हणून मी एकदा मुद्दाम ओला टॉवेल तिच्या उशीवर टाकला. तिनं तो मुकाट्यानं उचलला, वाळत घातला आणि मला विचारलं, “दमलात का?” त्या दिवशी मला खरी भीती वाटली. माणूस घरात जिवंत आहे याचा सगळ्यात खात्रीचा पुरावा म्हणजे त्याच्यावर कोणीतरी ओरडतं, आणि तो पुरावा माझ्याकडून काढून घेतला गेला होता.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा पण दम लागू देऊ नका. हे कोडं आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान असलेल्या खाजाभाईंनी सोडवलं. त्यांनी मला बॅटरीवर चालणारी सायकल आणून दिली. तिच्यात निम्मं पायडल आपण मारायचं आणि निम्मं बॅटरी मारते. चढ चढून वर पोचल्यावर तो नक्की कोणी चढला हे तिसऱ्या माणसाला कळत नाही, हा तिचा गुण मला फार आवडला.

सायकल आली तशी कल्पनाही आली. मुळा नदीवरच्या धरणाच्या उजव्या कालव्याच्या भरावावरून धरणापासून थेट टेलपर्यंत कच्चा रस्ता जातो. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आणि त्या टोकाला, शेवगावच्या पुढे, माझी सासुरवाडी आहे. पाणी चढ चढत नाही, तेव्हा त्याच्या शेजारचा रस्ताही चढ चढणार नाही, हा शोध मला आरामखुर्चीत लागला. तीन मुक्काम करायचे, एकट्यानं जायचं, कोणाची मदत घ्यायची नाही. सासुरवाडीच्या अंगणात सायकल उभी करायची आणि काही विशेष घडलं नसल्यासारखं पाणी मागायचं. एवढं जमलं तर सत्यशीला मला पुन्हा कामं सांगू लागेल, अशी माझी अटकळ होती.

जेवताना मी बेत जाहीर केला. सत्यशीलेनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन आमच्या मुलीला, संस्कृतीला, पुण्याला फोन लावला. दिवेलागणीपर्यंत ही बातमी कॉलनीत सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त तपशिलात माहीत होती.

सल्ल्यांना सुरुवात झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त नायब तहसीलदार म्हणाले की कालव्याच्या कडेला सापांची वस्ती असते, तेव्हा पायडल मारताना पाय जमिनीला लावू नका. थांबायचं कसं, हे मी विचारलं. त्यावर विचार करून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेलं नाही. समोरच्या छबूबाई चौकशीला आल्या त्या डोळ्याला पदर लावूनच. “आमच्या दिराचा साडू असाच सायकलवर गेल्ता,” त्या म्हणाल्या. मी धीर करून विचारलं, “मग?” “त्येला काय झालं न्हाई. पण सायकल गेली.”

संस्कृतीनं पुण्याहून एक घड्याळ पाठवलं. ते मनगटाला बांधलं की माझ्या हृदयाचे ठोके तिला तिच्या मोबाईलवर दिसतात. वेळ मात्र मला त्यात कधी दिसली नाही. माझं हृदय पुण्यात बसून बघता येतं, या गोष्टीचा मी बराच काळ विचार करत बसलो, आणि तेवढ्यात तिचा फोन आला की बाबा, आत्ता कसला विचार करताय?

खाजाभाईंनी पुतण्याचा टेम्पो मागे ठेवायची तयारी दाखवली. टेम्पोत गादी, छत्री आणि पाण्याचा जार. “तुम्ही पुढं सायकलवर, टेम्पो मागून हळूहळू. कुणाला कळणार बी नाही, आदिनाथराव,” ते म्हणाले. भरावावरच्या निर्मनुष्य रस्त्यावर मागून येणारा टेम्पो कोणाला कळणार नाही, हे त्यांना खरंच वाटत होतं. शेवटी टेम्पो मला धरणापर्यंत सोडेल आणि तिथून माघारी फिरेल, असा तह झाला.

त्या तहात माझा एक पराभव लपलेला होता. सत्यशीलेनं अट घातली की सायकलच्या मागे पाटी हवी. खाजाभाईंनी ती ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून करून घेतली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं: ‘सावकाश! हृदयाचा पेशंट’. शेजारी पेंटरनं हृदयही काढलं होतं. त्याला हृदय एकाच प्रकारचं येत असल्यामुळे त्यातून बाण आरपार गेला होता. मी मनाशी ठरवलं, धरण आलं की पाटी कालव्यात. पण खाजाभाई मला ओळखून होते. पाटी त्यांनी रिबिटं मारून बसवली होती.

आता प्रश्न बॅटरीचा होता. ती रोज चार्ज करावी लागते. शेतातली लाईट कधी येईल हे शेतकऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणजे घर हवं, आणि घर म्हटलं की पाहुणे आले. सत्यशीलेनं डोळे मिटून कालव्याकाठचे नातेवाईक आठवायला घेतले. एकीकडे उतरायचं तर शेजारच्या गावातल्या चुलत्याला काय वाटेल? तिथं चहा घेतला आणि पलीकडे नुसतं पाणी प्यायलो, तर पुढच्या लग्नात त्या घरचं कोणी येणार नाही. माझ्या तीन मुक्कामांचे बघता बघता सात झाले, आणि मध्ये एक जावळ निघालं. मी रुसून जेवायला आलो नाही. तेव्हा तिनं दोन मावसभाऊ आणि जावळ वगळलं आणि मुक्काम पुन्हा तिनावर आणले. पण वगळलेल्यांच्या गावातून जाताना तोंडाला रुमाल बांधायचा, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

भरावाच्या रस्त्याला सुरुवातीलाच लोखंडी फाटक आहे आणि त्याला कुलूप असतं. म्हणून परवानगीसाठी मी पाटबंधारे खात्याच्या कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली आणि कारण विचारलं.

“फिरायला,” मी म्हणालो.

“ऊस न्यायचाय का?”

“नाही. फिरायला.”

“मासेमारी?”

“सायकलवरून फिरायला.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “कालव्यावर फिरायला कोणी येत नाही हो,” ते हळू आवाजात म्हणाले, जणू मला कोणीतरी फसवलं होतं. परवानगी देण्यासारखा हा प्रकारच त्यांच्याकडे नव्हता. पण माणूस दयाळू. त्यांनी सांगितलं की धरणातून उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटलं की फाटक उघडंच असतं, माणसांची ये-जा असते, त्या वेळी जाऊन या. म्हणजे निघण्याचा दिवस मी ठरवायचा नव्हता, पाण्यानं ठरवायचा होता.

हे कळल्यावर माझ्या मेहुण्याचा, गोरक्षनाथचा, फोन आला. हा मोजकं बोलणारा माणूस. “दाजी, पान्याबरूबर या,” तो म्हणाला. “कॅनॉल कोरडा ठाक हाय. पानी सुटलं की त्येचं तोंड चालत्या मानसागत म्होरं सरकतं. त्येच्या शेजारनं या. तुमी बी पोचाल, पानी बी पोचंल.” मग जरा थांबून म्हणाला, “मागली दोन आवर्तनं टेलला आलीच न्हाईत. आईनं लावलेली मोसंबी वाळाय लागलीय. ह्या येळंला न्हाई आलं तर बाग तोडायची. मानसं सांगून ठेवल्यात.”

सत्यशीला शेजारीच उभी होती. तिनं फोन माझ्या हातातून घेऊन ठेवून दिला. ती बाग लावली तेव्हा लहानपणी तिनंच झाडांना कळशीनं पाणी घातलं होतं. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं माहेरी गेली. जाताना म्हणाली, “तुम्ही नीट या. पाण्याचं मी बघत बसत नाही.” ती पाण्याचंच बघत बसणार होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

आवर्तन सुटलं. खाजाभाईंच्या पुतण्यानं मला सायकलसकट धरणावर उतरवलं. पाटी फेकता येत नव्हती म्हणून मी तिच्यावर टॉवेल बांधला. पाण्याचं तोंड मी प्रथमच पाहिलं. पुढे फेस, काटक्या, वाळलेली पानं, प्लास्टिकची एक चप्पल, आणि मागे गढूळ पाणी. कोरड्या मातीत शिरताना ते चुरचुर आवाज करत होतं. त्याच्या शेजारी मी, हेल्मेट घालून. एकट्यानं. त्या सकाळी मला फार बरं वाटलं. घड्याळानं ते पुण्याला कळवलं असणार, कारण संस्कृतीचा फोन आला नाही.

पहिला मुक्काम सत्यशीलेच्या आत्येबहिणीकडे, बनुबाईकडे होता. दुपारीच पोचलो. तिनं पाटावर बसवलं आणि पुरणपोळी वाढली. तूप वाढताना तिचा हात थांबत नव्हता आणि माझ्या अंगावर डॉक्टरांच्या सूचना आठवून काटा येत होता. जेवण झाल्यावर तिच्या नवऱ्यानं, सहादेवनं, मला बाजेवर आडवं व्हायला लावलं आणि डोक्यावर पंखा लावला. मी म्हणालो, बॅटरी तेवढी चार्जिंगला लावा.

“लाईट गेलीय, दाजी.”

मी वर पाहिलं. पंखा गरगरत होता.

“त्यो इन्व्हर्टरवर हाय,” सहादेव शांतपणे म्हणाला.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. मी सायकल घेऊन भरावावर गेलो तर दुपारी पाण्याला जिथं सोडून आलो होतो तिथून ते फार पुढे सरकलंच नव्हतं. कारण दिसत होतं. भरावावरून जाड पाइप कालव्यात सोडले होते आणि पलीकडे शेतात पाणी धो धो पडत होतं. या पाइपांना आमच्याकडे डोंगळे म्हणतात. काठावर पाचसहा माणसं बसली होती. मला पाहून ती उठून उभी राहिली. माझ्यासाठी इतकी माणसं एकदम उठण्याचा प्रसंग नोकरीतही आला नव्हता.

“दाजी, खरं सांगा,” सहादेव म्हणाला. “राखनीला आलाय न्हवं?”

मग उलगडा झाला. गोरक्षनाथनं शेवगावच्या बाजारात कोणाला तरी सांगितलं होतं की माझे दाजी पाण्याबरोबर येणार आहेत. ती गोष्ट पाण्याच्या उलट दिशेनं, पाण्यापेक्षा वेगानं, वरपर्यंत आली होती. टेलवाले पूर्वी पाणी राखायला माणसं पाठवत. वरचे लोक त्यांना अडवत आणि मारामाऱ्या होत. आता टेलनं जावई पाठवला होता. जावयाला अडवता येत नाही, त्याला जेवू घालून झोपवावं लागतं.

“अहो, मी फिरायला आलोय,” मी म्हणालो.

“कॅनॉलवर? उन्हाचं? सायकलवर?”

“हो.”

सहादेवनं बाकीच्यांकडे पाहिलं. “बगा, कबूल करत न्हाई. पक्का मानूस धाडलाय.”

मी पुन्हा सांगितलं. मी जितकं सांगत होतो तितकी त्यांची खात्री वाढत होती. आणि त्याच वेळी वाऱ्यानं माझा टॉवेल सुटला आणि कालव्यात पडला. पाटी उघडी झाली. सगळ्यांनी ती वाचली; बाणासकट. मग त्यांच्यातला एक म्हातारा कौतुकानं म्हणाला, “टेलवाली लई बेरकी. आदी पोरं धाडायची, तवा डोकी फुटायची. आता पेशंट धाडलाय. ह्येला हात कोन लावनार?”

मी मराठी शाळेत पहिला आलेला, टेलिफोन खात्यातला सचोटीचा माणूस. चारचौघांत मला टेलचं हत्यार म्हटलं गेलं. मला ते इतकं लागलं की नकळत माझा हात छातीवर गेला.

“आरं, पाइप काढा!” सहादेव ओरडला. “मानूस आपल्या दारात जाया नको!”

पाइप निघाले. कोणी मला खाली बसवलं, कोणी पाणी आणलं. कालव्यातलं पाणी चुरचुरत पुढे सरकू लागलं. सहादेव माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “आमच्या बी घासाला पानी लागतंय, दाजी. जनावरं हायेत.” ते खोटं नव्हतं. रात्रभर माझी बॅटरी चार्ज होत राहिली. लाईट आली होती म्हणे.

सकाळी निघताना बनुबाईनं पाटी झाकायला नवा टॉवेल दिला. मी तो हातात घेऊन भरावावर उभा राहिलो. हा प्रवास मी पेशंट नाही हे सिद्ध करायला काढला होता. आणि पाणी टेलला न्यायचं असेल तर पेशंट होण्यावाचून इलाज नव्हता. तेवढ्यात गोरक्षनाथचा फोन आला. “पानी कुटवर आलं?” त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला. त्या ‘बरं’च्या मागे सत्यशीला उभी असणार, हे मला ऐकू येत होतं. मी टॉवेल गळ्यात घातला, पाटी उघडी ठेवली आणि सायकल काढली.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगताना लाज वाटते. डोंगळे दिसले की मी सायकल उभी करायचो, पाटी लोकांच्या बाजूला येईल अशी. मग दगडावर बसायचो, चष्मा काढायचो आणि हात छातीवर ठेवायचो. चष्मा आधी काढायचा हे मला अनुभवानं कळलं. त्याचा परिणाम मोठा होतो. एका गावात मला सरबत मिळालं, एका गावात बाज आणली गेली, आणि वगळलेल्या मावसभावांच्या गावात मी तोंडाला रुमाल बांधूनही त्यांनी मला पाटीवरून ओळखलं. या कलेत मला गती आहे, हे कळून मला अजिबात आनंद झाला नाही.

शेवटच्या दिवशी एका वस्तीजवळ मी असाच बसलो होतो. राहीबाई नावाची म्हातारी शेजारी येऊन बसली आणि पदरानं वारा घालू लागली. तिचा मुलगा समोर पाइप काढत होता. “आमचं मालक असंच छातीला हात लावून बसलं,” ती म्हणाली. “आन् उठलंच न्हाईत.”

माझा हात आपोआप खाली आला. “आजी,” मी म्हणालो, “मला काही झालेलं नाही. मी ढोंग करतोय.”

“ठावं हाय,” ती वारा घालत म्हणाली. “ढोंग हाय म्हनून तर बसलीय. खरं आसतं तर माज्याच्यानं बसवलं नसतं.”

मी तिच्या पाया पडलो आणि निघालो. तिथून पुढे बराच वेळ मी बॅटरी बंद ठेवून पायडल मारलं. का ते सांगता येणार नाही.

टेल आलं तेव्हा सगळी वाडी भरावावर उभी होती. हार, नारळ, हळदकुंकू सगळं होतं. मी हेल्मेट काढून केस नीट केले. पण ते सगळं पाण्यासाठी होतं. गोरक्षनाथनं नारळ फोडून पाण्याला वाहिला, बायकांनी हळदकुंकू घातलं, पोरं फेसात उतरली, आणि मी सायकल धरून बाजूला उभा राहिलो. गोरक्षनाथ मोसंबीकडे जाणाऱ्या चारीचं, म्हणजे छोट्या पाटाचं, दार वर ओढत होता. माझ्याजवळून जाताना त्यानं माझा दंड घट्ट दाबला.

सत्यशीला समोर आली. तिला गावोगावचे फोन आले असणार, तुमचे मालक छातीला हात लावून बसलेत म्हणून. तिनं आधी पाटी पाहिली, मग मला.

“संस्कृतीशी रोज बोलणं होत होतं,” ती म्हणाली. “तुम्ही छातीला हात लावला की तुमचे ठोके उलट शांत व्हायचे म्हणे. घड्याळ पाठवल्यापासून इतके चांगले ठोके तिनं पाहिले नाहीत.”

मी खाली पाण्यात पाहिलं. तिथं ती प्लास्टिकची चप्पल होती, धरणापासून माझ्याबरोबर आलेली.

तिच्या कमरेवर पितळी कळशी होती. नव्या पाण्याची पहिली कळशी आईच्या झाडाला घालायची, हा त्या घरचा रिवाज. तिनं ती काढून माझ्यासमोर धरली.

“नुसते उभे काय राहिलात? ही भरून बागेत आणा. आणि दोन्ही हातांनी धरा, म्हणजे छातीवर ठेवायला हात उरणार नाही.”

मी उतरलो आणि कळशी भरली. भरलेली कळशी किती जड असते हे मी विसरून गेलो होतो. भराव चढताना पाणी हिंदकळून माझ्या पायांवर पडलं.

“अहो, सांडताय किती!” सत्यशीला मागून सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी ओरडली. “एक काम धड होत नाही तुमच्याच्यानं!”

मी मागे वळलो नाही. माझे डोळे भरले होते आणि दोन्ही हात कळशीला होते.